निम्मी लाईन

शिवणयंत्राची एक बाजू शिंपीणबाईंनी धरली, दुसरी गटारबाईने, आणि दोघींनी ते उचलून विटांवर ठेवलं. न्हाणीघराच्या जाळीतून काळं पाणी वर येत होतं. ते दाराची फट ओलांडून खोलीत शिरलं आणि भिंतीच्या कडेकडेने, घरातल्याच माणसासारखं ओळखीच्या वाटेने, कॉटखाली गेलं. बाहेर लख्ख ऊन होतं. पाऊस पडला म्हणून तुंबलं, असं म्हणायचीही सोय नव्हती. वरच्या चौकातल्या इमारतींमध्ये लोकांनी सकाळच्या अंघोळी उरकल्या होत्या, एवढंच.

“बघा मॅडम, हे रोजचं,” शिंपीणबाई म्हणाल्या. “गिऱ्हाइकाचं लग्नाचं कापड मी छताला टांगून ठेवते. उंदरापासून नाही, तुमच्या गटारापासून.”

“तुमच्या” म्हणताना त्यांच्या आवाजात राग होता आणि तो रास्तच होता. मॅडम म्हणजे शहराच्या मलनिस्सारण विभागाची प्रमुख. वर्षभरापूर्वीच ती त्या खुर्चीवर आली होती. पाठीमागे तिला सगळे गटारबाई म्हणत आणि हे तिला ठाऊक होतं. पाणीपुरवठ्याच्या प्रमुखाला मात्र कोणी नळभाऊ म्हणत नसे. ते पाणीसाहेब होते.

तिने सलवार घोट्याच्या वर दुमडली आणि बाहेर येऊन चेंबरचं झाकण उचलायला लावलं. तिच्या माणसांनी बांबू घातला, तो वाकून परत आला. खालचा जुना पाइप जागोजागी खचला होता. जिथे उतार हवा तिथे चढ झाला होता. बांबू घालून, पंप लावून आजचं पाणी उद्यावर ढकलता येत होतं, पण गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी लाईन नव्याने टाकल्याशिवाय या लोकांची सुटका नव्हती.

“मावशी, यंदा नवी लाईन पडणार,” ती म्हणाली. “मी मागणी दिलीय. वरच्या साहेबांनी शब्द दिलाय.”

शिंपीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. सरकारी माणसाने शब्द दिल्याची गोष्ट त्या पहिल्यांदा ऐकत नव्हत्या. पण त्यांनी नळाखालची स्वच्छ पाण्याची बादली आणली आणि स्वतः वाकून गटारबाईच्या पायांवर ओतली. तिने नको नको म्हटलं तरी ओतली.

शब्द देणारे वरचे साहेब म्हणजे शहराचे मुख्य लेखापाल, आणि मुख्य लेखापाल म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. त्या कचेरीची रीत अशी होती की अंदाजपत्रकात प्रत्येक खात्याने गरजेच्या दुप्पट मागायचं, लेखापालाने सरसकट निम्मं करायचं, आणि मग सगळ्यांनी आपापल्या केबिनमध्ये जाऊन चहा प्यायचा. मागणारा हळहळायचा, कापणारा कर्तव्यकठोर दिसायचा, आणि शेवटी ज्याला जे हवं ते मिळायचं. वर्षानुवर्षं हे नाटक बिनबोभाट चाललं होतं. यंदा दादाला काय वाटलं कोण जाणे. वर्षाच्या सुरुवातीला त्याने सगळ्या खातेप्रमुखांना बोलावलं आणि सांगितलं, “पुरे झाला हा पोरखेळ. यावेळी खरा आकडा द्या. ज्याचा आकडा खरा, त्याला मी हात लावणार नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि परत जाऊन नेहमीसारखं दुप्पट लिहिलं. खरा आकडा दिला तो एकट्या गटारबाईने. भोळी होती म्हणून नव्हे. दादा बोलला की बोलला, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

अर्थसमितीच्या बैठकीत पंखे जोरात फिरत होते आणि कागदांवर पेपरवेट ठेवलेले होते. अध्यक्ष एकेक खातं पुकारत होते.

“वाहनं.”

गाडीखान्याच्या साहेबांनी इतक्या गाड्या मागितल्या होत्या की त्यांना चालवायला अर्ध्या कचेरीला गाडी शिकावी लागली असती.

“निम्म्या,” दादा म्हणाला.

गाडीखान्याचे साहेब हळहळले. हळहळताना त्यांनी शेजाऱ्याकडची सुपारी मागून घेतली.

“पाणीपुरवठा.”

“निम्मं.”

पाणीसाहेबांनी “आता शहराने प्यायचं काय?” असा ठरलेला प्रश्न विचारला, आणि कोणीही उत्तर द्यायच्या आत ते खाली बसले.

“मलनिस्सारण. खालची गल्ली, नवी लाईन.”

गटारबाई उभी राहिली. तिने नकाशा उलगडला होता. दादाने मान वर केली नाही.

“निम्मं,” तो म्हणाला.

क्षणभर तिला वाटलं, सवयीने त्याच्या तोंडून गेलं असेल, आता सुधारेल. तो पुढचं पान उलटत होता.

“साहेब, हा खरा आकडा आहे,” ती म्हणाली.

“मग आमचे काय खोटे आहेत?” कोणीतरी म्हणालं आणि सगळं टेबल हसलं. सगळ्यात मोठ्याने पाणीसाहेब हसले.

“निम्म्या पैशात निम्मी लाईन होत नाही.”

“का नाही? निम्मी गल्ली तरी सुटेल,” अध्यक्ष समजूत काढत म्हणाले. “चौकापासून सुरू करा. लोकांना काम दिसलं पाहिजे.”

“वरून निम्मी टाकली, तर वरची घाण आणखी जोरात खालच्या घरांमध्ये येईल.”

“मग खालून सुरू करा.”

“खालच्या टोकाला मोठ्या रस्त्याच्या पोटातून पाइप न्यायचाय. निम्मे पैसे तिथेच संपतात. एकाही घरापर्यंत लाईन पोचत नाही.”

“मग पाइप जरा अरुंद घ्या,” गाडीखान्याचे साहेब सुपारी चघळत म्हणाले. ते थट्टा करत नव्हते, त्यांना खरंच मदत करायची होती, आणि त्यामुळेच तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

तिने दादाकडे पाहिलं. दादा पेनाला टोपण लावत होता. आधीच नीट लागलेलं टोपण त्याने काढलं आणि पुन्हा लावलं.

“एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असं मला करता येणार नाही,” तो टेबलाला म्हणाला.

“मग माझी मागणीच काढून टाका,” ती म्हणाली. “लोकांच्या घरात जोराने घाण सोडायची लाईन मी टाकणार नाही.”

कोणीतरी थांबवेल, निदान विचार करा म्हणेल, असं तिला वाटलं असेल तर ते खोटं ठरलं. अध्यक्षांनी ओळ खोडली. गाडीखान्याच्या साहेबांनी बोट वर केलं. ती नकाशाची घडी घालून खुर्चीत बसेपर्यंत तिची निम्मी लाईन गाड्यांकडे गेलीसुद्धा.

बैठक संपल्यावर ती दादाच्या केबिनमध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

“चिंगे, बस,” तो म्हणाला.

“मी बसायला आलेली नाही. तू शब्द दिला होतास.”

“दिला होता.”

“सगळ्या कचेरीत मी एकटीने तो खरा मानला, आणि तू माझंच कापलंस?”

“सगळ्यांचं कापलं. सगळ्यांनी दुप्पट मागितलं होतं, हे मला माहीत नाही का? पण एकट्या तुझ्या आकड्याला हात लावला नसता तर उद्या कचेरीभर काय झालं असतं? लेखापालाने बहिणीला सोडलं.” त्याने चष्मा काढून डोळे चोळले. “तू माझी बहीण नसतीस ना, तर नसतं कापलं. आईशप्पथ.”

तिला हसावं की टेबलावरचा पाण्याचा पेला भिरकवावा ते कळेना. हे त्यांच्या घराचंच दुखणं होतं. त्यांचे वडील बाजारातले तराजू तपासणारे निरीक्षक. गावात बदली होऊन आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी सख्ख्या मेव्हण्याच्या, म्हणजे मामाच्या, दुकानाचा काटा तपासला आणि सगळ्यात मोठा दंड त्यालाच केला. कोणी बोट दाखवू नये म्हणून. मामाचा काटा मुळात बिघडलेला होता का, यावर घरात वडील गेल्यानंतरही वाद चालायचा. पण वडिलांसारखा निःस्पृह माणूस नाही, हे मात्र सगळं गाव म्हणायचं, आणि मामा आपला दंड भरून गप्प बसायचा.

“त्या गल्लीतली एकही बाई तुझी बहीण नाही,” ती म्हणाली. “तिचं का कापलंस?”

दादाने चष्मा पुन्हा घातला.

“पुढच्या आठवड्यात पुरवणी मागण्या येतील,” तो म्हणाला. “पण एकदा काढलेलं काम त्याच खात्याला पुन्हा मांडता येत नाही. नियम आहे.”

“नियम तुला सगळे पाठ आहेत.” ती दार उघडं टाकून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी ती खालच्या गल्लीत गेली. आपणहून दिलेला शब्द आपणहूनच परत घ्यायला हवा, असं तिला वाटलं. शिंपीणबाई विटांवरच्या यंत्रावर उंच स्टूल घेऊन बसल्या होत्या. त्यांनी शिवण न थांबवता सगळं ऐकलं. दुप्पट मागायची रीत, खरा आकडा, निम्मी लाईन, सगळं.

“म्हणजे सगळे वाढवून मागतात, हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही नाही मागितलं.”

“खोटं कसं मागायचं, मावशी?”

यंत्र थांबलं. “मी झंपराला कापड सांगते ना, तेव्हा अर्धा हात जास्तच सांगते. का? तर गिऱ्हाईक कमीच आणतं. मग मी काय खोटारडी झाले? झंपर तर होतं ना अंगाबरोबर!” त्यांनी दोरा दातांनी तोडला. “तुम्ही खरं बोललात, छान झालं. रात्री झोप लागली असेल. पण मॅडम, घाण माझ्या न्हाणीघरात येते. तुमचा खरेपणा मी कुठे ठेवू? इथे तर पाय ठेवायला जागा नाही.”

काल टेबलाशी उभं राहून “मागणी काढून टाका” म्हणताना गटारबाईला स्वतःचा थोडा अभिमान वाटला होता. घरी जाऊन तिने तो प्रसंग नवऱ्याला रंगवून सांगितलाही होता. आता तिला त्या अभिमानाची शिसारी आली. संताप दादाचा होता, अध्यक्षांचा होता, त्या सुपारी चघळणाऱ्या माणसाचा होता, पण त्यातला एक मोठा वाटा तिचा स्वतःचा निघाला. तिथून ती घरी गेली नाही. ती थेट कचेरीत, पाणीसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. तिथली पायरी ती याआधी कधीही चढली नव्हती.

पाणीसाहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि ती सांगायला लागायच्या आतच ओळखलं.

“गल्लीची लाईन मला हवीय तुमच्याकडून,” ती म्हणाली. “तुमच्या खात्यातून. माझ्या नावाने आता येत नाही.”

“गटाराच्या नावाने तर मुळीच येत नाही,” ते म्हणाले. “बाई, गटार म्हटलं की लोक नाकाला रुमाल लावतात आणि पुढे जातात. पाणी म्हटलं की घाबरतात. आपण असं करू. खालच्या गल्लीतली पाण्याची लाईन खराब झालीय, गटाराची घाण तिच्यात शिरतेय. त्यामुळे पाण्याची नवी लाईन, आणि त्याच चरात, जाता जाता, गटाराचीही.”

“पण ती पाण्याची लाईन नवी आहे. गेल्याच वर्षी तुम्ही टाकलीत. तिच्यात थेंब शिरत नाही.”

“म्हणूनच तर शिरतोय असं मलनिस्सारणच्या प्रमुखाने सांगायला हवं. तुमच्या तोंडचं कोणी खोटं मानणार नाही.” ते मिश्किल हसले. “इतकी वर्षं जपलेलं नाव आहे, कधीतरी कामाला येऊ दे की.”

त्यांनी तिथल्या तिथे कागदावर मांडणी केली. चर, दोन्ही पाइप, रस्त्याखालचं काम, आणि हे सगळं दुप्पट.

“आणि एक जीप,” ते म्हणाले.

“जीप कशाला?”

“देखरेखीला.”

“गल्ली इथून चालत जायच्या अंतरावर आहे!”

“बाई, जीप नसली तर अध्यक्षांना शंका येते. साधं काम, गाडी नाही, म्हणजे नक्की काहीतरी भानगड असणार.” हे मात्र ते अजिबात न हसता म्हणाले.

लोकांच्या घरातली घाण काढायची तर आधी साहेबांना जीप घेऊन द्यायची! तिच्या मनात आलं, उठावं, आणि त्या चहाच्या कपासकट याला सगळ्या कचेरीसमोर उघडा पाडावा. पण उघडा काय पाडणार? सगळ्यांना सगळं माहीतच होतं. ती उठली नाही. तिने चहा संपवला आणि सही केली.

“एकच सांगतो,” पाणीसाहेब दारापर्यंत सोडायला येत म्हणाले, “बैठकीत खोटं बोलल्यावर चेहरा असा करू नका. बोलायचं आणि बसायचं.”

पुरवणी मागण्यांच्या बैठकीला माणसं कंटाळलेली होती. पाणीसाहेबांनी आपली मागणी इतक्या कळवळ्याने मांडली की अध्यक्षांनी समोरचा पेला उचलला होता तो न पिता खाली ठेवला.

“घाण पाण्यात? म्हणजे पिण्याच्या?”

“पिण्याच्या,” पाणीसाहेब म्हणाले. “आमचं नाही, मलनिस्सारणचं म्हणणं आहे. बाई स्वतः पाहून आल्यात.”

दादाने आता मान वर केली. यावेळी तो टेबलाकडे बघत नव्हता.

“खालची गल्ली,” तो सावकाश म्हणाला. “तिथली पाण्याची लाईन गेल्याच वर्षी नवी टाकली ना? मीच पैसे दिलेत.”

गटारबाई उभी राहिली. लहानपणी दादाच्या शाळेच्या दप्तरातली पेन्सिल तिने एकदा घेतली होती, आणि त्याने विचारायच्या आतच रडत कबूल केलं होतं. त्याच्यासमोर तिला खोटं बोलता येत नाही, हा घरातला थट्टेचा विषय होता.

“खराब झाली,” ती म्हणाली.

“एका वर्षात?”

“हो.”

“तू पाहिलंस?” कचेरीत चारचौघांत तो तिला कधी अगं-तुगं करत नसे. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

“पाहिलं. पाण्याला वास येतो. मुलं आजारी पडतायत.” मुलांचं तिच्या बोलण्यात ठरलेलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि इतक्या सहज आलं की तिची तिलाच भीती वाटली.

दादा तिच्याकडे पाहत राहिला. त्याने मागणीच्या कागदावर नजर टाकली, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं, हे तिलाही कळलं. त्याने नुसतं म्हटलं असतं की आधी नळ उघडून पाणी तपासू, तर तिची नोकरी, पाणीसाहेबांची जीप आणि गल्लीची लाईन एका दमात गेली असती. त्याने पेन उचललं.

“निम्मं,” तो म्हणाला.

पाणीसाहेबांनी हळहळून दाखवलं. अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळले. निम्म्यात सगळी लाईन बसत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि जीपसुद्धा.

खाली उतरताना पाणीसाहेबांनी तिला जिन्यात गाठलं आणि अभिनंदन केलं. “आता कशा आमच्यातल्या झालात,” ते म्हणाले, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने पुढे गेले. गल्लीत चर खणला जाणार होता, विटा काढून यंत्र जमिनीवर येणार होतं. शिंपीणबाईंना सांगायला धावत सुटावं अशी ती बातमी होती. पण ती कठड्याला धरून तिथेच उभी राहिली.

दादा वरून आला. तो तिच्यापासून दोन पायऱ्या वर थांबला.

“ती लाईन खणून काढणार आहात का? चांगली लाईन?”

“नाही. ती तशीच राहील.”

तो एक पायरी खाली उतरला.

“इतक्या सगळ्या ढिगाऱ्यात तुझा एक आकडा होता, चिंगे, जो मी न तपासता खरा धरला होता,” तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. “आता तोही तपासावा लागणार.”

“खरा धरला होतास?” ती इतक्या मोठ्याने म्हणाली की खालच्या वळणावरचा शिपाई वर बघू लागला. “खरा धरला होतास, तर मग निम्मा कसा केलास रे?”

वरून दोघं-तिघं उतरत होते, तशी ती दोघं भिंतीला सरकली, आणि ते जाईपर्यंत ओळख नसल्यासारखी उभी राहिली.

“पुढच्या वर्षी तरी,” तो हळूच म्हणाला, “खरा देशील?”

“देईन. खऱ्याला हात लावणार नाहीस, असं सगळ्यांसमोर सांग. बहीण असले तरी.”

दादाने जिन्याच्या वर पाहिलं, खाली पाहिलं. कोणी ऐकत नव्हतं.

“बघू,” तो म्हणाला.